वारा मुंबईहून येतो, पाणी मुंबईकडे जातं: हे कॉम्प्युटरला कसं कळलं?

रापणकराचा नातू

नमस्कार मंडळी. प्रश्न काकांचा आहे, मी नुसता टायपिस्ट.

काका ७१ वर्षांचे. मालवणजवळ सर्जेकोटला घर. एके काळी आमची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, आता त्यांची एक छोटी होडी आहे. संध्याकाळी जाळं सोडायचं, रात्रभर त्याच्याबरोबर वाहत राहायचं, पहाटे ओढायचं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: "दिवाळी झाली काय वारो मुंबयसून येता आणि पाणी मुंबयक जाता. सर्जेकोटाक सोडलेला जाळा तोंडवळेसमोर वडूचा लागता." ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: तोंडवळी आमच्या उत्तरेला आहे.

मी म्हटलं, भरतीचं पाणी असेल. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसांसाठी काकांची एक खास नजर आहे, ती मला मिळाली. "भरती-सुकती धा वर्सांच्या पोराकय कळता. भांगाच्या दिसांनी बघ. तेवा पाण्याक जोर नसता, तरीय जाळा थयच जाता."

मग मी शहाणपणा केला. मोबाईलवर एक व्हिडिओ होता, समुद्राच्या प्रवाहांचं रंगीत अ‍ॅनिमेशन, कुठल्याशा मॉडेलने काढलेलं. डिसेंबर महिन्यात आपल्या किनाऱ्यालगतचे बाण खरोखरच उत्तरेकडे तोंड करून होते. काकांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि विचारलं, "ह्या कोणी बघल्यान? कोण गेल्लो थय?" मी म्हटलं, कोणी गेलं नव्हतं, कॉम्प्युटरने गणित केलं. ते इतके हसले की काकी बाहेर आली.

तर कोणी सांगेल का, वाऱ्याच्या विरुद्ध पाणी जातंच कसं? आणि हे लोक मॉडेल-मॉडेल म्हणतात ते नेमकं काय असतं? काकांना जे ठाऊक आहे तेच आधी भरायचं आणि मग रंगवून दाखवायचं, असं तर नाही ना? जाता जाता माझा स्वतःचा प्रश्न: समुद्राचं एवढं कळतं तर गेल्या जूनमध्ये चुलतभावाच्या लग्नाच्या दिवशी पाऊस येणार का हे दोन आठवडे आधी कोणी का सांगू शकलं नाही? मांडवाचे पैसे गेले.

चहाटळ

सतरंजी टाकून बसलोय. जूनमध्ये कोकणात लग्न ठेवणाऱ्याला मॉडेलची नाही, वडीलधाऱ्यांची गरज आहे.

मिठागर

काकांना माझा नमस्कार सांगा. ते जे म्हणतात ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जहाजावर जाऊन मोजलं आणि १९९१ साली छापलं. हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे जातो, आणि तोही अंगावर येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध. म्हणजे कोणीतरी गेलं होतं. पण जाऊन फक्त 'काय होतं' ते कळलं. 'का होतं' यासाठी मॉडेल लागलं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येईल. एमएस्सीनंतर तीन वर्षं मी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून समुद्राचं मॉडेल चालवायचं काम केलं. पीएचडी झाली नाही. आता ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझं ज्ञान त्या काळातलं आहे, कोणी अद्ययावत माणूस असेल तर चुका काढाव्यात.

मॉडेल म्हणजे काय? समुद्राचे चौकोनी डबे करायचे. एक अंश लांब, एक अंश रुंद, म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण १११ किलोमीटरचा डबा. खोलीत समजा ५० थर. ३६० गुणिले १८० गुणिले ५०: ३२ लाख ४० हजार डबे, त्यातून जमीन वजा. प्रत्येक डब्यात चार आकडे: पाण्याचं तापमान, क्षारता, पूर्वेकडचा वेग, उत्तरेकडचा वेग. तापमान आणि क्षारता कळली की घनता कळते. वरच्या पाण्याचं वजन माहीत असलं की दाब कळतो. दाब कमीजास्त असला की पाणी हलतं, आणि पृथ्वी फिरते आहे म्हणून हलणारं पाणी आपल्या गोलार्धात उजवीकडे वळतं. नियम म्हणाल तर न्यूटनचेच, बारावीला शिकवते तेच. प्रत्येक डबा शेजाऱ्याला विचारतो, तुझ्याकडे किती उष्णता, किती मीठ, किती धक्का. मग घड्याळ समजा अर्धा तास पुढे करायचं आणि परत विचारायचं. असं वर्षानुवर्षं.

यात 'कोकणातलं पाणी डिसेंबरमध्ये उत्तरेला जातं' असं कुठेही लिहिलेलं नसतं. बाहेरून द्यायच्या गोष्टी मोजक्याच: वारा, ऊन, पाऊस, नद्यांचं पाणी आणि समुद्राच्या तळाचा नकाशा. बाण आपोआप निघतात, किंवा निघत नाहीत. काकांच्या संशयाचं हे उत्तर.

सांगायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात पहिले आठ महिने माझं मॉडेल रोज रात्री उडायचं. 'उडणं' हा आमच्याकडचा शब्द. संध्याकाळी रन (म्हणजे मॉडेलची एक फेरी) लावून घरी जायचं, सकाळी येऊन बघायचं तर सगळ्या आकड्यांच्या जागी 'आकडा नाही' असं छापलेलं. बहुतेक वेळा कारण एकच असायचं, घड्याळाची उडी मोठी. चार किलोमीटर खोल समुद्रावरची लांब लाट तासाला सातशे किलोमीटर पळते (त्सुनामी इतक्या लवकर पोचते ती याचमुळे). घड्याळाच्या एका उडीत लाट आख्खा डबा ओलांडून पलीकडे गेली तर गणिताला ती सापडत नाही आणि ते भ्रमिष्ट होतं. म्हणून मॉडेलवाले त्या वेगवान लाटेचा हिशोब वेगळा, बारीक उड्यांनी करतात आणि आतल्या संथ पाण्याचा निवांत करतात. हे मला पुस्तकातून कळलं होतं, समजलं ते उडाल्यावर.

एकदा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी क्षारता उणे आली. म्हणजे पाण्यात मीठ शून्यापेक्षा कमी! दोन्ही नद्यांचं पावसाळ्यातलं सगळं पाणी मी एकाच डब्यात ओतलं होतं. ते पाच-सहा डब्यांत आणि वरच्या काही थरांत वाटून दिलं तेव्हा शांत झालं. आणि एकदा तळाचा नकाशा जाडसर करताना माझ्या हातून श्रीलंका भारताला चिकटली. सेतू बांधायला वानरसेना लागली नाही, एक इंटरपोलेशन (मधले आकडे अंदाजाने भरणं) पुरलं. मी रडकुंडीला आले होते. गाईड म्हणाले, राहू दे, पाल्कची सामुद्रधुनी तशीही उथळ, खरा प्रवाह श्रीलंकेच्या दक्षिणेकडूनच वळसा घालतो. श्रीलंका अजिबात गायब झाली असती तर मात्र भानगड होती.

आता काकांचं पाणी. इथे श्रीलंका परत येणार आहे, लक्षात ठेवा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ईशान्येचा वारा बंगालच्या उपसागरावरून वाहतो. आंध्र-तामिळनाडूच्या किनाऱ्याला समांतर तो दक्षिणेकडे जातो आणि वरचं पाणी आपल्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्याकडे ढकलतो. तिथे पाणी चढतं. किती? चार बोटं, फार तर वीतभर. आत मात्र वरच्या गरम आणि खालच्या थंड पाण्याची सीमा त्याच्या कितीतरी पट खाली दाबली जाते. हा फुगवटा एका जागी बसत नाही. तो किनारा उजव्या हाताला धरून चालू लागतो. आंधळा माणूस भिंतीला हात लावून चालतो ना, तसा. याला केल्विन लाट म्हणतात. वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर, म्हणजे दिवसाला दोनशे किलोमीटर. तामिळनाडू उतरून तो श्रीलंकेला वळसा घालतो, कन्याकुमारी गाठतो, आणि किनारा अजून उजव्याच हाताला हवा म्हणून केरळ, कर्नाटक, गोवा, मालवण असा उत्तरेला चढतो.

म्हणजे मालवणच्या किनाऱ्याशी आता पाणी किंचित उंच झालं. ते बाहेर, पश्चिमेला उतरू बघतं. पृथ्वीचं फिरणं त्याला उजवीकडे, उत्तरेला वळवतं. दोन्हींचा तोल साधला की पाणी उतारावरून खाली जात नाही, उताराला आडवं वाहतं. काकांचं जाळं तोंडवळीला. वरचा वारा विरुद्ध आहे खरा, पण त्या दिवसांत तो दुबळा असतो, दक्षिणेकडून आलेला हा ढकला त्याला पुरून उरतो.

हे सगळं नुसतं सुचून चालत नाही, दाखवावं लागतं. समुद्राला कसं दाखवणार? बंगालच्या उपसागरावरचा वारा बंद करून बघता येत नाही. मॉडेलमध्ये येतो! १९९३ मध्ये मॅक्क्रिअरी आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या एका सोप्या मॉडेलने हे दाखवलं. डबेही नाहीत फारसे, समुद्र म्हणजे अडीच थर (वरचे दोन हलणारे, खालचा स्थिर म्हणून अर्धा) एवढीच कल्पना. पुढे गोव्याच्या शंकर, शेट्ये यांच्यासोबत त्यांनी पूर्व किनाऱ्याच्या प्रवाहाचे असेच तुकडे पाडले: हा भाग जवळच्या वाऱ्याचा, हा लांबच्या वाऱ्याचा, हा विषुववृत्तावरून आलेला. मी शिकताना हाच प्रयोग करून पाहिला. एक रन सगळ्या वाऱ्यांसह, दुसरा उपसागरावरचा वारा शून्य करून. सकाळी दोन्ही चित्रं शेजारी लावली. पहिल्यात गोव्यासमोर बाण उत्तरेला, दुसऱ्यात मरगळलेले, इकडेतिकडे. आठ महिने उडालेल्या रात्रींचं मला त्या सकाळी काही वाटलं नाही.

मॉडेल चालवणाऱ्यांना कोणी ज्योतिषी म्हटलं की माझा तिळपापड होतो तो यासाठी. तीन वर्षांत मी एकदाही भविष्य सांगितलं नाही. कारणं एकेक करून काढून घ्यायची आणि काय उरतं ते बघायचं, एवढंच करत होते.

एक सूचना: हे सगळं हंगामाच्या सरासरीचं आहे. एखाद्या आठवड्यात काकांचं जाळं दक्षिणेला गेलं तर त्यांना खोटं पाडू नका. गोव्याच्या संस्थेने पश्चिम किनाऱ्यासमोर ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारी यंत्रं नांगरून ठेवली आहेत. त्यांच्या नोंदींत महिना-दोन महिन्यांचे मोठे हेलकावे दिसतात, आणि त्यातले काही थेट विषुववृत्तावरच्या वाऱ्यांपर्यंत मागे नेता येतात.

लग्नाच्या पावसाचं उद्या लिहिते. पेपर तपासायचे आहेत.

दुय्यम खलाशी

मिठागर, दंडवत. आमच्याकडची एक गोष्ट सांगतो.

मर्चंट नेव्हीत होतो. जुलैमध्ये सोमालियाच्या किनाऱ्याने उत्तरेला जाताना लॉगवर (पाण्याच्या मानाने वेग दाखवणारं यंत्र) तेरा नॉट आणि जीपीएसवर अठरा असं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच नॉट फुकट. चीफ इंजिनियर स्वतःची पाठ थोपटत होता. हाच प्रवाह हिवाळ्यात उलटा फिरतो, दक्षिणेला. जगातला एवढा मोठा प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतो, हे दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

जुन्या पायलट चार्टांवर हे सगळं छापलेलं असतं, ते कसं आलं माहीत आहे? जहाजांच्या लॉगबुकांतून. काल दुपारी इथे होतो, वेग अमुक, दिशा तमुक, म्हणजे आज दुपारी तिथे असायला हवं. तारे बघून काढलेली जागा मात्र वेगळी. मधला फरक म्हणजे प्रवाह. हजारो जहाजांचे असे फरक गोळा करून नकाशे झाले, आणि मॉडेलवाल्यांनी आपली उत्तरं बराच काळ त्यांच्याशीच ताडून पाहिली. नातवाचे काका जाळ्याने तेच करतात. काकांना सांगा, त्यांची पद्धत शास्त्रमान्य आहे.

शंकासुर

सगळं रसाळ आहे, पण मला पटलेलं नाही. मॉडेलमध्ये शंभर खुंट्या असतात. पाहिजे ते उत्तर येईपर्यंत पिळायच्या. २००२ साली हवामान खात्याने 'पाऊस सरासरीइतका' असं सांगितलं होतं ना? जुलै ठणठणीत कोरडा गेला. आमच्याकडे सांगोल्याला बाबांनी बाजरी दोनदा पेरली आणि दोन्ही वेळा करपली. तेव्हा कुठे होत्या केल्विन लाटा?

मिठागर

शंकासुर, खुंट्या असतात. नाकारत नाही. डबा पंचवीस किलोमीटरचा असला तरी त्यापेक्षा लहान भोवरे आणि ढवळणं त्यात दिसत नाही, त्यांचा परिणाम सूत्राने अंदाजे घालावा लागतो. ते सूत्र कोणाचं, त्यातला आकडा कोणता, यावर माणसं भांडतात. डबा निम्मा करा म्हणाल तर काम आठपट होतं: लांबीला दोन, रुंदीला दोन, आणि घड्याळाची उडी निम्मी म्हणून आणखी दोन. म्हणून पैसेवाल्या संस्थाही सगळे भोवरे धरू शकत नाहीत. पण खुंट्या मोजक्या आणि तपासण्या अगणित, हेही बघा. एक खुंटी पिळून गोव्याचं पाणी बरोबर आणलं की सुमात्राजवळचं बिघडतं. १९९२ पासून उपग्रह समुद्राची पातळी सेंटीमीटरांत मोजताहेत. शिवाय जगभर चारेक हजार आर्गो तरंगक सोडलेले आहेत. हजार मीटर खोल वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर यायचं, तापमान-क्षारता उपग्रहाला सांगायची, परत बुडायचं. भारताचे तरंगक हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था सांभाळते. इतक्या साक्षीदारांसमोर फार वेळ खोटं बोलता येत नाही.

२००२ बद्दल. तुमच्या बाबांची बाजरी करपली, त्यावर मी काही हुशारी करणार नाही. देशाचा पाऊस त्या वर्षी सरासरीच्या ८१ टक्के झाला आणि अंदाज साफ चुकला. पण तो अंदाज समुद्राच्या मॉडेलचा नव्हता. १६ घटकांचं एक संख्याशास्त्रीय सूत्र होतं, मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून बसवलेलं. खुंट्या पिळण्याचा तुमचा आरोप खरं तर अशा सूत्राला जास्त लागू पडतो. त्या फजितीनंतर ते बदललं. २०१२ पासून 'मान्सून मिशन'मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत समुद्र आणि वातावरण जोडलेलं मॉडेल घेतलं गेलं. त्यातला समुद्र प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत वाढलेल्या मॉडेलचा. हेही सोवळं नाही बरं का! भारताच्या जमिनीवर पाऊस कमी पाडण्याची त्याची खोड प्रसिद्ध आहे.

आता लग्न. चुलतभावाचा पाऊस हा त्या दिवशीच्या ढगांचा प्रश्न. वातावरणात आजची बारीकशी चूक दहा-बारा दिवसांत वाढून सगळं चित्र खाऊन टाकते. म्हणून दोन आठवड्यांपुढचा मंगळवार कोणालाच सांगता येत नाही. पण जूनमध्ये मालवणला मेपेक्षा जास्त पाऊस पडेल हे चहाटळ यांनीही सांगितलंच की. हंगामाचा अंदाज या जातीचा असतो: कोणता दिवस ते नाही, फासा कोणत्या बाजूला जड आहे ते.

फासा जड करतो समुद्र. आजीकडे तांब्याचा बंब होता, आठवतो? पहाटे पेटवलेला, दहा वाजता विस्तव विझला तरी पाणी कढत. सगळ्या वातावरणात जेवढी उष्णता मावते तेवढी समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यात मावते. वारे रोज इकडून तिकडून टपल्या मारतात, आणि समुद्र त्या टपल्यांची बेरीज सावकाश करत राहतो. क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये हेच गणितात मांडलं: रोजच्या हवेच्या गोंगाटातून, बाहेरचं काही कारण नसताना, वर्षावर्षांचे हेलकावे निपजतात. म्हणून दोन कोरडी वर्षं लागोपाठ आली की 'हवामान बदललं' म्हणून लगेच ओरडायचं नसतं, आणि 'हे आधीपासूनच होतं' म्हणून हातही झटकायचे नसतात. वेगळं कसं करतात? तेच मॉडेल पन्नास वेळा चालवायचं, दरवेळी सुरुवात केसाएवढी वेगळी. पन्नास जणांचे हेलकावे पन्नास तऱ्हांचे येतील. सगळ्यांत समान उरेल ते बाहेरून आलेलं, जसं की कर्बवायूमुळे वाढलेलं तापमान.

प्रशांत महासागरातला एल निनो (विषुववृत्ताजवळचं तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापणं) पहिल्यांदा मॉडेलने आधी सांगितला तो १९८६ मध्ये, केन आणि झेबियाक यांच्या मॉडेलने. आजच्या मानाने खेळणंच ते. तेही जमलं ते लाटांमुळे: विषुववृत्तावर पूर्वेला जाणारी केल्विन लाट प्रशांत महासागर दोनेक महिन्यांत ओलांडते, परतीच्या लाटा त्याहून सावकाश, म्हणजे समुद्राला पुढच्या महिन्यांची आठवण आधीच असते.

पण एल निनो सांगितला म्हणजे आपला पाऊस सांगितला असं नाही. १९९७ आठवा. शतकातला जबरदस्त एल निनो, सगळ्यांनी दुष्काळाची तयारी केली आणि पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. त्याच सुमारास हिंदी महासागराची पश्चिम बाजू गरम आणि सुमात्राकडची बाजू गार पडली होती. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी या तऱ्हेला द्विध्रुव म्हणून मांडलं. १९९७ चा पाऊस त्याने वाचवला का? पुष्कळ जण म्हणतात हो. माझं मत विचाराल तर एकट्या द्विध्रुवाच्या गळ्यात हार घालायची घाई करू नये. २०२३ मध्येही एल निनो होता. ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला आणि तरी सप्टेंबरने सावरून हंगाम ९४ टक्क्यांवर आणला.

वाळूचं घड्याळ

मिठागर, तुम्ही चुका काढायला सांगितलं म्हणून धीर करतो. मी सध्या याच विषयात पीएचडी करतोय.

पश्चिम किनाऱ्याच्या बाबतीत 'बंगालच्या उपसागराचा वारा' हे उत्तर आता थोडं सरकलंय. २०१६ मध्ये सुरेश आणि सहकाऱ्यांनी (मॅक्क्रिअरीही त्यात आहेत) वाऱ्यांचे प्रदेश आणखी बारीक तोडून पाहिले. श्रीलंका आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळचा वारा त्यांनी उपसागराच्या खात्यातून काढून वेगळा धरला. तेव्हा दिसलं की पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रपातळीच्या हंगामी चढउतारात सगळ्यात मोठा वाटा त्या चिमुकल्या तुकड्याचा आहे. तिथे वारा टोकाशी निमुळता होऊन जोरात वाहतो. लाटेची गोष्ट तुम्ही सांगितली तीच, फक्त ढकला मारणारा हात बराच जवळ निघाला.

मिठागर

अरे वा! म्हणजे मी दुसऱ्या रनमध्ये उपसागराचा वारा बंद केला तेव्हा श्रीलंकेचाही त्यात गेला होता. माझी चौकट दक्षिणेला पाच अंशांपर्यंत होती, आत्ता लक्षात आलं. बाण मरगळले ते कोणामुळे, हे मी विचारलंच नाही. वीस वर्षं विद्यार्थ्यांना ती गोष्ट सांगतेय. धन्यवाद, वाईट वाटलं पण धन्यवाद.

म्हणजे एका जागी मी श्रीलंका चिकटवली आणि दुसऱ्या जागी तिचा वारा चोरला.

शंकासुर

ही कबुली मात्र आवडली. बाबांना वाचून दाखवतो.

रापणकराचा नातू

सगळ्यांचे आभार. काल रात्री काकांना सगळं वाचून दाखवलं, केल्विन लाटेसाठी ताटातल्या भाकरीचा भारत केला आणि लसणीची श्रीलंका. त्यांना आंधळ्या माणसाचं उदाहरण लगेच कळलं. 'ढकलता कोण' यावर मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मगे रामेश्वराच्या थयसून येता म्हण."

खलाशीसाहेबांचं लॉगबुकचं ऐकून ते उठून आत गेले आणि जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा घेऊन आले. ११ वर्षांचे. मला हे आजवर माहीत नव्हतं. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानावर एका चौकटीत पेन्सिलने 'पाणी फिरला' असं लिहिलंय. एका वर्षी नरकचतुर्दशीला, एका वर्षी तुळशीच्या लग्नानंतर, एका वर्षी दोनदा लिहून पहिलं खोडलंय.

वाळूचं घड्याळ, तुम्हाला या तारखांचा उपयोग होणार असेल तर मी फोटो काढून पाठवतो. काकांची एकच अट आहे: पुढच्या वर्षी पाणी कधी फिरणार ते तुम्ही आधी लिहून द्यायचं, ते आपलं वेगळं लिहून ठेवणार, आणि दिवाळीनंतर दोन्ही उघडायचं. पानांवर डिझेलचा हिशोब आणि काही उधाऱ्याही आहेत, तेवढं मी झाकून घेईन.